दोन तपासण्यांमधले अंतर

विमान बघताना सगळ्यांचे लक्ष पंखांकडे जाते. शेपटीकडे फारसे कोणी पाहत नाही. पंख विमानाला उचलून धरतात, पण शेपटीचा आडवा भाग बहुतेक प्रवासी विमानांत नेमके उलटे काम करतो, म्हणजे शेपूट खाली दाबून ठेवतो. पंखांचे उचलणारे बल ज्या बिंदूत एकवटते, त्याच्या थोडा पुढे विमानाचा गुरुत्वमध्य ठेवलेला असतो. त्यामुळे नाक सारखे खाली झुकू पाहते आणि शेपटीवरचा दाब त्याला सावरतो. ही रचना मुद्दाम केलेली आहे. हवेच्या झोताने नाक वर उचलले गेले, तरी अशा रचनेत ते आपसूक मूळ जागी येऊ लागते. वेग बदलला, इंधन जळत गेले, की हा तोलही बदलतो. म्हणून शेपटीच्या आडव्या भागाचा कोन उड्डाणभर थोडा थोडा बदलावा लागतो.

एमडी-८३ या विमानात हे काम जॅकस्क्रू नावाचा एक लांब, जाड पोलादी स्क्रू करतो. मोटर त्याला फिरवते, तो नटातून वर-खाली सरकतो आणि त्याच्याबरोबर शेपटीचा आडवा भाग कलतो. नट त्याच्यापेक्षा मऊ मिश्रधातूचा असतो, त्यामुळे झिजतो तो नट. दोघांमध्ये ग्रीस असेल तर ही झीज अगदी सावकाश होते.

३१ जानेवारी २००० रोजी अलास्का एअरलाइन्सचे याच जातीचे विमान, फ्लाइट २६१, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ प्रशांत महासागरात कोसळले. विमानातले ८८ जण गेले. समुद्रातून जॅकस्क्रू वर काढला, तेव्हा नटाचे आटे पूर्ण खरवडून निघालेले होते आणि त्यांचे अवशेष स्क्रूभोवती गुंडाळलेले होते. स्क्रूचा जो भाग नटातून फिरतो, त्यावर ग्रीसचा मागमूसही नव्हता.

तपासात जी कालरेषा पुढे आली, ती मला या अपघाताचा गाभा वाटते. १९८७ मध्ये या स्क्रूला दर ५०० उड्डाणतासांनी ग्रीस भरले जायचे. पुढे ते १,००० तासांवर गेले, मग १,२०० वर, १९९४ मध्ये १,६०० वर. १९९६ मध्ये तासांची अटच निघाली आणि ‘दर आठ महिन्यांनी’ असा नियम झाला. त्या कंपनीची विमाने ज्या प्रमाणात उडत होती, त्या हिशेबाने हे अंतर सुमारे २,५५० तास होत होते. आटे किती झिजले हे मोजण्याच्या तपासणीचे अंतरही याच काळात वाढले. कोणतीही वाढ चोरून झालेली नव्हती. वाढवलेल्या अंतराला नियामक संस्थेची मान्यता होती, आणि चौकशी अहवालाने त्या मान्यतेवरही ठपका ठेवला. प्रत्येक टप्प्यावर ‘आतापर्यंत काही झाले नाही’ हाच पुढच्या टप्प्याचा आधार होता. शिवाय लांब अंतरात एक गृहीत दडलेले असते: मागच्या वेळी ग्रीस नीट भरले होते. अंतर छोटे असेल तर एखादी हुकलेली फेरी पुढच्या फेरीत भरून निघते. अंतर पाचपट झाले, की तीच हुकलेली फेरी जीव घेते. अपघातानंतर अमेरिकी नियामकाने ही मर्यादा ६५० तासांवर आणली.

हे अंतर ठरते कसे, यामागे मोठे शास्त्र आहे. त्याची सुरुवात धातूच्या थकव्यापासून करावी लागेल. तार एकदा वाकवली तर तुटत नाही, पण तिथेच पुन्हापुन्हा वाकवली तर तुटते. विमानाचे धड दर उड्डाणात असेच फुगते आणि आकसते. बाहेरची हवा विरळ असते, आतला दाब माणसाला सोसेल इतका ठेवलेला असतो. या फरकामुळे धडाच्या प्रत्येक चौरस मीटरवर आतून बाहेर पाच टनांहून जास्त वजनाइतके बल येते. १९५४ मध्ये कॉमेट जातीची दोन जेट विमाने भूमध्य समुद्रावर हवेतच फुटली. तेव्हा ब्रिटिश शास्त्रज्ञांनी फार्नबरोला एक अख्खे धड पाण्याच्या टाकीत ठेवले आणि आत पाणी भरून दाब वाढवत-उतरवत राहिले. पाणी हवेसारखे दाबले जात नाही, त्यामुळे धड फुटले तरी स्फोट होत नाही आणि तडा कुठून सुरू झाला ते पाहता येते. आधीची खरी उड्डाणे धरून ३,०५७ फेऱ्यांनंतर ते फाटले.

यातून कळले की विमानाचे वय केवळ तासांत मोजून भागत नाही. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चे सुमारे साडेपाच मीटर लांबीचे छप्पर उडून गेले. एक हवाई सेविका बाहेर फेकली जाऊन मरण पावली. वैमानिकांनी बाकी सर्वांना जिवंत खाली आणले. त्या विमानाचे उड्डाणतास होते ३५,४९६. उड्डाणे मात्र ८९,६८०! बेटांमधल्या छोट्या फेऱ्या, सरासरी चोवीस मिनिटांच्या. तेवढ्या वेळा धड फुगले आणि आकसले होते. त्यात समुद्राची खारट हवा. पत्र्यांच्या जोडातला चिकट थर सुटला, गंज शिरला आणि रिव्हेटच्या भोकांपाशी तडे वाढत गेले.

आजचा नियम असे धरून चालतो की तडा पहिल्या दिवसापासून आहेच. प्रश्न एवढाच, की तो कधी सापडेल. अमेरिकेने १९७८ मध्ये हा विचार मोठ्या प्रवासी विमानांच्या आरेखनाच्या नियमांत घातला. अभियंते दोन गोष्टी काढतात: तडा किती मोठा झाल्यावर उपकरणाला दिसतो आणि किती मोठा झाल्यावर भाग तुटतो. समजा, या दोहोंमध्ये १२,००० उड्डाणे जातात. मग तपासणी दर ४,००० उड्डाणांनी ठेवतात, म्हणजे एखाद्या वेळी नजर चुकली तरी तडा पकडायची आणखी संधी उरते. तडा वाढतोही विषम गतीने. बराच काळ रेंगाळतो आणि शेवटी झपाट्याने पळतो. म्हणून ‘आणखी थोडे दिवस चालेल’ हे वाक्य इथे फार धोक्याचे आहे.

जिथे बिघाड मिनिटांत वाढतो, तिथे अंतरही मिनिटांचेच लागते. पंखावर सँडपेपरइतका खरखरीत हिमकणांचा थर बसला तर उचल ३० टक्क्यांपर्यंत घटू शकते आणि विमानाला मागे खेचणारा हवेचा रोध ४० टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. पंखावरून वाहणारी हवा पृष्ठभागाला धरून राहिली तरच पंख काम करतो. खरखरीत थर तिला वेळेआधीच सोडवतो. त्यामुळे थंडीत ही तपासणी दर उड्डाणाआधी होते, आणि हिमरोधक द्रव मारल्यावर तो किती मिनिटे पुरेल याचे तक्ते वैमानिकाजवळ असतात.

मग सगळेच भाग सारखे उघडून पाहावेत का? नाही. युनायटेड एअरलाइन्सच्या दोन अभियंत्यांनी १९७८ मध्ये आपल्या ताफ्याच्या नोंदींचा अभ्यास मांडला. वय ठरवून भाग बदलण्याचा उपयोग होईल असे भाग जेमतेम ११ टक्के निघाले. उरलेल्या ८९ टक्के भागांच्या बिघाडाचा वयाशी तसा संबंध नव्हता. डीसी-८ या प्रवासी विमानात ३३९ भागांना ठरावीक काळाने पूर्ण खोलून दुरुस्त करण्याचे वेळापत्रक होते. नंतरच्या डीसी-१० विमानात ते सात भागांवर आले. विनाकारण उघडलेला भाग चुकीचा बसवला जाण्याचा धोका स्वतःसोबत आणतो. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजच्या एका विमानाची समोरची काच सुमारे १७,३०० फुटांवर निखळली आणि कप्तान कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याला धरून ठेवले आणि तो वाचला. उड्डाणाच्या सुमारे २७ तास आधी, रात्रपाळीत, ती काच नव्याने बसवली होती. तिच्या ९० बोल्टांपैकी ८४ बोल्ट व्यासाने सुमारे ०.६६ मिलिमीटर बारीक होते. जुना बोल्ट हातात धरून, नजरेने जुळवून घेतलेले. माणसे कमी, वेळ रात्रीची आणि दुसऱ्या कोणी ते काम तपासावे अशी सक्ती नव्हती. व्यवस्थापनाने पाहायचे असते ते इथेच: रात्रपाळीत पुरेशी माणसे आहेत का आणि योग्य माप हाताशी आहे का.

विमान कंपनीच्या व्यवसायात उभे विमान म्हणजे बुडालेले भाडे, हे खरेच आहे. नियम हे नाकारत नाहीत, उलट त्यासाठी वाट ठेवतात. काय बिघडलेले असताना उडता येईल, याची मंजूर यादी प्रत्येक कंपनीकडे असते. त्यातल्या बिघाडांच्या एका वर्गाला दुरुस्तीसाठी तीन दिवस मिळतात, दुसऱ्याला दहा, तिसऱ्याला १२०. यादीत नसलेला आणि सुरक्षेशी संबंध असलेला बिघाड असेल तर विमान उभे राहते. १९४४ च्या शिकागो करारानुसार आंतरराष्ट्रीय उड्डाण करणाऱ्या प्रत्येक विमानाकडे, ज्या देशात त्याची नोंदणी आहे त्या देशाचे उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र लागते. मात्र ते प्रमाणपत्र भिंतीवर टांगून विमान उडण्याजोगे होत नाही. ठरलेले प्रत्येक काम वेळेत झाले आणि परवानाधारक अभियंत्याने त्याखाली सही केली, तरच ते चालू राहते. माझ्या मते कंपनीची खरी पारख इथे होते: वेळापत्रक सांभाळणारा माणूस त्या अभियंत्याला ‘आज सही नाही’ म्हणू देतो का.

कागदाला या व्यवसायात धातूइतकेच वजन आहे. इंजिनातल्या फिरत्या तबकड्यांना उड्डाणफेऱ्यांची ठाम मर्यादा असते. त्यांची कारखान्यापासून आजपर्यंतची प्रत्येक फेरी नोंदलेली असावी लागते, कारण थकवा डोळ्यांना दिसत नाही. अमेरिकेने २०१० मध्ये मोठ्या प्रवासी विमानांच्या सांगाड्यालाही अशीच मर्यादा घालणारा नियम केला. ती अधिकृतपणे वाढवली गेली नाही, तर ती गाठल्यावर विमान मोडीत निघते. त्याच्या ज्या सुट्या भागांचा पूर्ण इतिहास हाताशी असतो, ते तपासून दुसऱ्या विमानात जातात. इतिहासातली काही पाने गहाळ असलेली तबकडी कितीही चकचकीत दिसली, तरी तिचे तुकडे करून भंगारात टाकतात.