टर्कीच्या पोटात सारण की जुडी?

नोव्हेंबरचा चौथा गुरुवार जवळ आला की माझा फोन वाजू लागतो. अमेरिकेत येऊन बरीच वर्षं झाली आणि थँक्सगिव्हिंगच्या सणाची टर्की (कोंबडीसारखाच, पण बराच मोठा पक्षी) दरवर्षी आमच्याकडेच होते. त्यामुळे नात्यात, ओळखीत जे कोणी पहिल्यांदा टर्की करायला घेतात, ते मला विचारतात. प्रश्न दरवर्षी तोच असतो. मागच्या वर्षी भाचीचा आला: "मावशी, रेसिपीत 'हर्ब भरलेली टर्की' म्हटलंय. मी पाव, कांदा, सेलरी, सेज सगळं कालवून पोटात भरलं. त्यांनी पावणेचार तास लिहिलेत, पण आतलं सारण अजून कोमटच लागतंय!"

रेसिपीतली टर्की वेगळी होती आणि तिने केलेली वेगळी. दोन्हींना 'भरलेली' म्हणतात, एवढंच त्यांच्यात सारखं आहे.

एका प्रकारात पक्ष्याच्या पोटात सेज, थाईम, रोजमेरी अशा सुगंधी पाल्यांची, म्हणजे हर्बांची, जुडी ठेवतात. सोबत अर्धा कांदा, लिंबाच्या दोन फोडी आणि लसणाचा आडवा कापलेला गड्डा. हे कोणी खात नाही, कापताना काढून टाकायचं असतं. दुसऱ्या प्रकारात पावाच्या सुक्या तुकड्यांचं सारण भरतात. त्यात लोण्यावर परतलेला कांदा, सेलरी, सेज आणि थोडा स्टॉक (हाडं किंवा भाज्या उकळून काढलेलं पाणी) असतो. हे सारण पानात वाढायचं असतं आणि कित्येक घरांत टर्कीपेक्षा त्याचीच वाट बघितली जाते. या लेखापुरतं पहिल्याला 'जुडी' म्हणते, दुसऱ्याला 'सारण'.

आपली माणसं इथे हमखास अडखळतात, कारण भरणं म्हणजे काय हे आपल्याला फार चांगलं ठाऊक आहे. भरली वांगी, भरलं पापलेट, गोव्याचा रेशाद बांगडा यांबद्दल तुम्हाला मी काही सांगायची गरज नाही. (रेशाद हा शब्दच मुळी पोर्तुगीज 'रेशेआदो'वरून आला, अर्थ 'भरलेलं'. आता गोव्यात तो त्या लाल मसाल्याचंच नाव होऊन बसलाय.) या सगळ्यांत मसाला बाहेरच्याला चव देतो. वांग्याला स्वतःची अशी चव कितीशी असते? ती मसाल्यातून येते. म्हणून आपण गृहीत धरतो की टर्कीतही तेच होणार: आत सेज घातलं की मांसाला सेजची चव लागेल, जास्त भरलं की जास्त लागेल.

टर्कीत गाडी उलट्या दिशेने जाते. सारण मांसाला काही देत नाही, ते मांसाकडून घेतं. पक्षी भाजताना जो रस सुटतो तो पाव शोषून घेतो आणि म्हणूनच पोटातलं सारण इतकं चविष्ट लागतं. आता हाच रस सुरुवातीला कच्चा असतो, हे लक्षात घ्या. कच्च्या कोंबडीवर्गीय मांसात साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू असू शकतात. तो रस प्यायलेला पावाचा प्रत्येक तुकडा मग कच्च्या मांसाइतकाच जपायला हवा. टर्की शिजली एवढ्यावर भागत नाही, सारणाच्या मधोमध १६५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ७४ सेल्सिअस, तापमान यायलाच हवं. अमेरिकेच्या कृषी खात्याचा हा नियम मांडीला, छातीला आणि सारणाला सारखाच लागू आहे.

जुडीला हा नियम नाही, कारण जुडी पानात येत नाही.

सगळा घोटाळा इथे होतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. पोट मोकळं असेल, आत नुसती एक सैल जुडी असेल, तर ओव्हनमधली गरम हवा पोटातही खेळते आणि पक्षी आतून-बाहेरून भाजला जातो. पोट सारणाने भरलं की ती वाट बंद. उष्णतेला आधी मांस ओलांडावं लागतं, मग ओल्या पावाचा गोळा. पावात हवाच हवा असते, त्यामुळे उष्णता त्यातून रांगत रांगत जाते. सारणाचा मध्य हा अख्ख्या टर्कीतला सगळ्यात शेवटी तापणारा भाग. मधल्या काळात तो ४० ते १४० फॅरनहाइटच्या पट्ट्यात रेंगाळतो आणि जिवाणूंना वाढायला नेमकं तेच मानवतं.

बरं, तक्ते बघून हे कळत नाही. ३२५ अंश फॅरनहाइटच्या ओव्हनमध्ये १२ ते १४ पौंडांच्या न भरलेल्या टर्कीला ३ ते पावणेचार तास लागतात आणि भरलेलीला साडेतीन ते ४, असं कृषी खात्याचा तक्ता सांगतो. फरक जेमतेम पंधरा मिनिटं ते अर्धा तास. माणूस म्हणतो, एवढंच ना, ठेवू थोडा वेळ जास्त. पण हा हिशेब सैल भरलेल्या सारणाचा आहे. टर्कीच्या दर पौंडाला पाऊण कप सारण, त्याहून जास्त नाही. आपण करंजी भरतो तसं दाबून भरलं की तक्ता कामाचा राहत नाही.

भाचीने दाबूनच भरलं होतं. तिची टर्की १४ पौंडांची. मी तिला फोनवरच थर्मामीटर लावायला सांगितलं. मांडीत, हाडाला न टेकवता: १७२. छातीच्या सगळ्यात जाड भागात: १६६. मग सळई पोटातून सारणाच्या मधोमध घालायला लावली. आकडा चढत चढत १२८ वर थांबला. बाहेरून टर्की सोनेरी झालेली, घरभर लोण्याचा आणि सेजचा वास, पाहुणे टेबलाशी बसलेले आणि आत १२८.

"मग सारण चमच्याने काढून वेगळं भाजू का?" तिने विचारलं. हा उपाय पुष्कळजण सांगतात, मला तो मान्य नाही. कृषी खातंही नको म्हणतं: अर्धंकच्चं सारण बाहेर ओढताना शिजलेल्या मांसाला लागतं. सारण १६५ वर जाईपर्यंत टर्की ओव्हनमध्येच ठेवावी लागली. त्याला आणखी तासभर गेला. तोवर छातीने १८५ ओलांडले होते. कापायला घेतली तर सुरीखाली मांसाचे धागे सुटत होते आणि ताटलीत एक थेंब रस नव्हता. सारण उत्कृष्ट झालं होतं, टर्की ग्रेव्हीत बुडवून खावी लागली. यात पोरीची काही चूक नव्हती. तिने दोन रेसिप्या एक समजून वाचल्या, कारण दोघींच्या नावात एकच शब्द होता.

म्हणून माझं मत ठाम आहे: पोटात जुडी, सारण वेगळ्या ट्रेमध्ये. त्या ट्रेमधल्या सारणाला अमेरिकेच्या दक्षिणेत 'ड्रेसिंग' म्हणतात, तिथे ते बहुतेक मक्याच्या पावाचं असतं, उत्तरेकडे आत असो वा बाहेर 'स्टफिंग'च म्हणतात. या नावांवरून वाद घालण्यात वेळ घालवू नका.

पोटात भरण्याच्या बाजूचे लोक म्हणतात, ट्रेमधलं सारण कोरडं लागतं. लागतं, साधं पाणी घातलं तर. टर्कीची मान आणि पोटातली पिशवी असते ना, तिच्यातलं काळीज वगळून बाकीचं दोन तास मंद उकळा आणि तो स्टॉक पावावर घाला. टर्कीच्या ट्रेमध्ये उतरलेल्या रसाचे चार चमचे वर शिंपडा. चव तीच येते आणि वरचा थर कुरकुरीत होतो, तो पोटात कधीच होत नाही. आपल्या घरांत तर आणखी एक कारण आहे. आमच्या पंगतीत निम्मी माणसं शाकाहारी असतात. पोटातलं सारण त्यांना चालत नाही. सारण बाहेर असलं की भाज्यांच्या स्टॉकचा एक वेगळा ट्रे सहज होतो आणि माझ्या सासूबाईंच्या पानात त्या दिवशी नुसता बटाटा आणि क्रॅनबेरी अशी वेळ येत नाही.

आता राहिली जुडी. तिच्याकडूनही लोक नको तेवढी अपेक्षा ठेवतात. पोटातल्या जुडीचा वास आतल्या वाफेला लागतो आणि खाली उतरणाऱ्या रसाला लागतो. म्हणजे तिचा खरा फायदा ग्रेव्हीला. छातीच्या मांसात सेजची चव हवी असेल तर ती पोटातून जाणार नाही, मध्ये बरगड्यांचा पिंजरा आहे. त्यासाठी हर्ब कातडीखाली जायला हवेत. मऊ लोण्यात सेज आणि थाईम बारीक चिरून कालवायचं, मानेच्या बाजूने बोटं सरकवत कातडी हलकेच सुटी करायची आणि ते लोणी छातीवर पसरायचं. या हर्बांचा सुगंध तेला-तुपात उतरतो, पाण्यात फारसा नाही, म्हणून लोणीच हवं. रोजमेरी मी कातडीखाली घालत नाही. तिची पानं सुईसारखी दातात येतात आणि वासही दांडगा. तिची जागा पोटात. सेजऐवजी कोथिंबीर घालणाऱ्यांनी ती चटणीला ठेवावी, तीन तासांच्या भाजण्यात तिचं काही उरत नाही.

मांसाच्या आत खोलवर जातं ते फक्त मीठ. पाच पौंडांना एक मोठा चमचा जाडं कोशर मीठ, आदल्या दिवशी किंवा त्याच्याही आदल्या दिवशी चोळून टर्की फ्रिजमध्ये उघडी ठेवा. कातडी सुकते आणि भाजल्यावर कुरकुरीत होते. मात्र आधी वेष्टन वाचा. बऱ्याच गोठवलेल्या टर्कींमध्ये मिठाचं पाणी टोचलेलंच असतं, तिला वरून मीठ चोळलं तर ग्रेव्ही खारट होते.

गोठवलेली टर्की फ्रिजमध्ये सुटायला दर चार-पाच पौंडांना एक दिवस धरा. १५ पौंडांची गुरुवारी भाजायची आणि बुधवारी मीठ लावायचं, तर शनिवारी फ्रीझरमधून खाली यायला हवी. ओट्यावर ठेवून सोडवू नका. आणि कृपा करून ती सिंकमध्ये धुऊ नका. मटण-मासळी धुण्याची आपली सवय मला कळते, पण टर्की धुतल्याने स्वच्छ होत नाही. त्या पाण्याचे शिंतोडे ओट्यावर, भांड्यांवर, बाजूच्या कोशिंबिरीवर उडतात. जिवाणू आचेने मरतात, नळाने नाही.

शिजल्याची खूण म्हणून काही टर्कींत प्लास्टिकची बटणं टोचलेली असतात, ती वर उडाली की झालं, हेही मानू नका. बटण छातीत असतं, सारणाचं त्याला काय कळणार? बऱ्याचदा ते उडतं तेव्हा छाती सुकूनही गेलेली असते. मांडीतून निघणारा रस पारदर्शक दिसला की शिजली, हा सल्लाही असाच. पंधरा-वीस डॉलरचा थर्मामीटर घ्या.

तरीही कोणाला सारण पोटातच हवं असतं. घराची रीत असते, कोणाच्या आजीने तसंच केलेलं असतं, आणि त्याचा मला आदर आहे. मग टर्की छोटी घ्या, १२ पौंडांच्या आतली. सारणाचं सुकं आणि ओलं वेगवेगळं फ्रिजमध्ये ठेवा, ओव्हनमध्ये घालण्याच्या अगदी आधी कालवा. आदल्या रात्री भरून ठेवलेली टर्की मी कोणाच्याही घरी खाणार नाही. सारणात सॉसेज किंवा काळीज असेल तर आधी पूर्ण शिजवून घ्या. चमच्याने सैल भरा, वर बोटभर जागा मोकळी राहू द्या, कारण पाव फुगतो. उरलेलं ट्रेमध्ये घाला. ओव्हन ३२५ च्या खाली नेऊ नका, 'रात्रभर मंद आचेवर' हा प्रकार तर मुळीच नको. पहिलं मोजमाप सारणाचं घ्या, मांडीचं नंतर. १६५ आले की बाहेर काढून वीस मिनिटं तशीच राहू द्या, मग सारण शेवटच्या चमच्यापर्यंत काढून भांड्यात घ्या. उरलेलं पोटात ठेवून टर्की तशीच फ्रिजमध्ये सरकवायची नाही. दोन तासांच्या आत दोन्ही वेगवेगळ्या डब्यांत.

जुडी ठेवली असेल तर टर्की कापायच्या आधी चिमट्याने ती बाहेर काढा आणि टाकून द्या. दुसऱ्या दिवशी हाडांचा स्टॉक करताना ती आत राहिली तर भाजून काळपटलेलं सेज उकळून उग्र होतं आणि अख्खं पातेलं तसंच लागतं. स्टॉकला नवी जुडी घ्या, तीही शेवटच्या अर्ध्या तासात.