मोबाइलवर आलेली चिठ्ठी औषधाच्या दुकानात चालते का?

‘कागदी चिठ्ठीशिवाय औषध मिळत नाही’ हा समज इतका पक्का आहे की, मधुमेहाची गोळी संपली म्हणून केवळ चिठ्ठीसाठी गुडघे धरत फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्याचा जिना चढणारे आजोबा आजही दिसतात, आणि ते पाहून वाईट वाटते. वस्तुस्थिती वेगळी आहे. केंद्राच्या २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन (म्हणजे फोन, व्हिडिओ किंवा संदेशाद्वारे दुरून दिला जाणारा वैद्यकीय सल्ला) मार्गदर्शक सूचनांनुसार नोंदणीकृत डॉक्टर सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो मोबाइलवर पाठवू शकतात. आधी प्रत्यक्ष तपासलेल्या रुग्णाची सुरू असलेली गोळी तर फोनवर बोलूनही पुन्हा लिहून देता येते. चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक मात्र हवाच. अमली पदार्थ कायद्याखालील औषधे अशा सल्ल्यावर देण्यास मनाई आहे, आणि गरज वाटल्यास डॉक्टर प्रत्यक्ष तपासणीसाठी बोलावतात.