पायथन : नव्या आवृत्त्या आणि त्यामागचा समुदाय

पायथन या मुक्तस्रोत संगणकभाषेची नवी आवृत्ती दरवर्षी ऑक्टोबरात येते. भाषा कुठल्याही कंपनीच्या मालकीची नाही. तिचे स्वामित्वहक्क आणि बोधचिन्ह २००१ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशन या ना-नफा संस्थेकडे आहेत. भाषेत काय घालायचे आणि काय काढायचे हे मात्र फाउंडेशन ठरवत नाही. तो अधिकार भाषेच्या मूळ कोडमध्ये बदल करू शकणाऱ्या, ‘कोअर डेव्हलपर’ म्हणवल्या जाणाऱ्या मंडळींचा आणि त्यांनी निवडलेल्या पाच जणांच्या सुकाणू समितीचा.

गुइडो व्हान रोसम यांनी डिसेंबर १९८९मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या गणित व संगणकशास्त्र संशोधन संस्थेत असताना, नाताळच्या सुट्टीत या भाषेवर काम सुरू केले. फेब्रुवारी १९९१मध्ये ०.९.० ही आवृत्ती त्यांनी सर्वांसाठी खुली केली. आजची प्रकाशनपद्धत घडली ती मात्र पुढे, एका फार महागात पडलेल्या संक्रमणातून.

जुन्या पायथन २मध्ये साधी अक्षरमाला, म्हणजे मजकुराचा तुकडा, ही नुसत्या बाइट्सची (संगणकाच्या साठवणुकीच्या एककांची) रांग असे. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या प्रचलित पद्धतीत लिहिलेल्या ‘मराठी’ या शब्दाची लांबी विचारली, तर उत्तर येई १५, कारण देवनागरीतले प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. पायथन ३मध्ये तेच उत्तर ५ येते : म, र, काना, ठ, वेलांटी. डोळ्यांना तीनच अक्षरे दिसतात ही गोष्ट वेगळी, पण निदान शब्द मधूनच तुटून अर्धे चिन्ह हाती लागत नाही. पायथन ३मध्ये चलाचे (व्हेरिएबलचे) नावही देवनागरीत ठेवता येते. ‘किंमत’ किंवा ‘वजन’ असे लिहिलेले चालते. इंग्रजीपलीकडच्या भाषांत काम करणाऱ्यांसाठी हा बदल अत्यावश्यक होता, याबद्दल शंका नाही.

अडचण झाली ती बदलाच्या पद्धतीमुळे. ३ डिसेंबर २००८ रोजी पायथन ३.० आली आणि तिने जुन्या कार्यक्रमांशी (प्रोग्रामांशी) सुसंगतता मुद्दाम तोडली. ‘प्रिंट’ या मजकूर दाखवण्याच्या आज्ञेला कंस नसला की कार्यक्रम सुरूच होत नसे. स्वतःचा कोड दुरुस्त करणे त्या मानाने सोपे होते. पण तो कोड इतरांनी लिहिलेल्या दहा लायब्ररींवर (तयार कोडच्या संचांवर) उभा असेल आणि त्यांतली एक जरी जुन्या आवृत्तीवर राहिली असेल, तर पुढे सरकताच येत नसे. जो तो दुसऱ्याची वाट पाहत बसला. पायथन २च्या २.७ या अखेरच्या मालिकेला २०१५पर्यंतच आधार, म्हणजे दुरुस्त्या, द्यायच्या असे ठरले होते. ती मुदत २०१४मध्ये पाच वर्षांनी वाढवावी लागली. १ जानेवारी २०२० रोजी ती संपली आणि २.७.१८ ही शेवटची आवृत्ती त्याच वर्षी एप्रिलमध्ये निघाली. सगळा संसार हलायला अकरा वर्षे लागली. आता एखादी सोय काढायची असेल तर सहसा निदान दोन आवृत्त्यांत आधी इशारा दिला जातो आणि मगच ती जाते.

वार्षिक वेळापत्रक ३.९पासून (ऑक्टोबर २०२०) लागू झाले. त्याआधी दोन आवृत्त्यांत साधारण दीड वर्षाचे अंतर असे. एक आवृत्ती बाहेर पडली की पुढचीच्या अल्फा, म्हणजे अगदी प्राथमिक, चाचण्या सुरू होतात. मे महिन्यात पहिली बीटा, म्हणजे पुढच्या टप्प्यातली चाचणी-आवृत्ती, येते आणि त्या दिवसापासून नव्या सुविधांना दार बंद. त्यानंतर फक्त दुरुस्त्या. मग रिलीज कँडिडेट, म्हणजे जवळजवळ अंतिम आवृत्ती, आणि ऑक्टोबरात अंतिम आवृत्ती. या सगळ्याची जबाबदारी एका रिलीज मॅनेजरवर असते आणि अलीकडे एक व्यक्ती सलग दोन आवृत्त्या सांभाळते. ‘हे आत्ता घेणार नाही’ असे सहकाऱ्याला सांगणे हे या कामातले सर्वांत कठीण काम.

३.१३च्या वेळी ते करावे लागले. न वापरलेली मेमरी थोडीथोडी करून मोकळी करणारी नवी यंत्रणा तिच्यात घातली होती, पण काही कामांत तिच्यामुळे वेग घटल्याचे अगदी शेवटी लक्षात आले. प्रकाशन १ ऑक्टोबर २०२४ला ठरले होते. त्या दिवशी अंतिम आवृत्तीऐवजी ती यंत्रणा काढून टाकलेली तिसरी रिलीज कँडिडेट निघाली आणि ३.१३.० आली ७ ऑक्टोबरला. सहा दिवसांचा उशीर लोकांनी मुकाट्याने स्वीकारला. नाहीतर ती अर्धवट यंत्रणा पाच वर्षे वागवावी लागली असती. कारण प्रत्येक आवृत्तीला आधार पाच वर्षांचा असतो : ३.१३पासून पहिली दोन वर्षे सर्व बगांच्या (कोडमधल्या चुकांच्या) दुरुस्त्या, पुढे फक्त सुरक्षेच्या.

भाषेतल्या मोठ्या बदलाची सूचना ‘पेप’ नावाच्या क्रमांकित प्रस्तावाने मांडली जाते. पूर्वी अखेरचा शब्द व्हान रोसम यांचा असे. ‘:=’ हे चिन्ह आणणाऱ्या पेप ५७२वर इतका कडवट वाद झाला की प्रस्ताव मंजूर केल्यावर जुलै २०१८मध्ये त्यांनी तो अधिकार सोडला. त्यानंतर मतदानाने सुकाणू समितीची पद्धत आली. दर मोठ्या आवृत्तीनंतर तिची निवडणूक होते आणि एकाच कंपनीचे दोनांहून अधिक लोक तिच्यात बसू शकत नाहीत.

हा नियम दूरदृष्टीचा आहे, कारण बरेचसे काम कंपन्यांच्या पगारावर चालते. मे २०२५मध्ये मायक्रोसॉफ्टच्या कर्मचारीकपातीत पायथनचा वेग वाढवणाऱ्या चमूतल्या काही कोअर डेव्हलपरांच्या नोकऱ्या गेल्या. बाकीचे काम स्वयंसेवक रात्री-अपरात्री करतात. बग तपासणे, आलेल्या दुरुस्त्या वाचणे हे कंटाळवाणे काम मागे पडते म्हणून फाउंडेशनने २०२१मध्ये लुकाश लांगा यांना पूर्णवेळ पगारी डेव्हलपर म्हणून नेमले. पाच लाखांहून अधिक प्रकल्प असलेले पायपीआय हे लायब्ररींचे भांडारही फाउंडेशनच चालवते. फाउंडेशनचे वार्षिक अंदाजपत्रक सुमारे ५० लाख डॉलर. तरीही त्याच पायपीआयच्या सुरक्षेसाठी मागितलेल्या १५ लाख डॉलरच्या अमेरिकी सरकारी अनुदानाचा प्रस्ताव तिने ऑक्टोबर २०२५मध्ये मागे घेतला. विविधता व समावेशनाचे उपक्रम चालवायचे नाहीत ही अनुदानाची अट संस्थेच्या सर्व कामांना लागू होणार होती. एवढ्या लहान संस्थेसाठी तो सोपा निर्णय नव्हता.

भारतात पायकॉन इंडिया ही परिषद २००९पासून भरते. २०११ची पुण्यात झाली. त्रिमितीय आलेखांसाठी वापरली जाणारी मायावी ही लायब्ररी आयआयटी मुंबईचे प्रभू रामचंद्रन यांनी सुरू केली.

पायथनच्या दस्तऐवजांचे जपानी, फ्रेंच, कोरियन असे अनुवाद स्वयंसेवकच करतात. २०१७च्या पेप ५४५नुसार अनुवादित भाषेला अधिकृत यादीत स्थान मिळायचे तर काही पाने आधी पूर्ण व्हावी लागतात. त्यांत शिकवणीची पाने आहेत, अंगभूत फलनांचे (फंक्शनांचे) पान आहे, आणि बग आढळल्यास तो कुठे व कसा कळवायचा हे सांगणारे पानही आहे.