फराळाबरोबर कोणती वाइन? आधी जिभेतला टीआरपी बघा

दिवाळी जवळ आली की हल्ली उटण्याच्या जाहिरातींबरोबर अजून एक प्रकार सुरू होतो, फराळाबरोबर कुठली वाइन घ्यायची याची रील्स. कोणीतरी मस्त कुर्ता घालून समईच्या उजेडात बसतं, बेसनाच्या लाडवाशेजारी लालभडक शिराझचा ग्लास ठेवतं आणि सांगतं की बेसनाचा खमंगपणा आणि शिराझमधला मसालेदारपणा एकमेकांना कसले कॉम्प्लिमेंट करतात. ऐकायला भारी वाटतं, पण घरी करून बघितलंत तर लाडूही वाया आणि बाटलीही वाया.

(दिवाळीत वाइन कशाला, असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी माझा काही वाद नाही. २०२२ साली सुपरमार्केटात वाइन विकू द्यायची का यावरून महाराष्ट्रात केवढा धुरळा उडाला होता, तो परत उडवायचा नाहीये. ज्यांच्या घरी बाटली येणारच आहे त्यांनी ती डोकं वापरून आणावी एवढंच म्हणणं, आणि न पिणाऱ्यांसाठीही पुढे काहीतरी आहे.)

तर लाडवाचा एक घास घ्या. तूप आणि बेसन टाळूला चिकटतं, पिठीसाखर जिभेवर विरघळते, आणि आता ती ड्राय, म्हणजे साखर जवळजवळ नसलेली रेड वाइन एक घोट. दोन मिनिटांपूर्वी जी वाइन बरी लागत होती ती एकदम आंबट, पाणचट आणि तुरट लागते, हिरड्यांवर कोरड येते आणि फळाचा जो काही स्वाद होता तो गायब. बाटलीत काही बदललेलं नाही. बदललीये जीभ.

आता शाळेत आपण जिभेचा नकाशा काढलेला असतो, टोकाला गोड, कडेला आंबट, मागे कडू. तो आधी डोक्यातून काढून टाका. १९०१ मध्ये हेनिग नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने जिभेच्या वेगवेगळ्या भागांत संवेदनशीलतेचा अगदी थोडा फरक मोजला होता, पुढे त्याचा आलेख चुकीचा वाचला गेला आणि तो पुस्तकातून पुस्तकात कॉपी होत राहिला. प्रत्यक्षात जिथे जिथे स्वादकलिका आहेत तिथे तिथे पाचही चवी कळतात. 'या ग्लासमुळे वाइन बरोबर जिभेच्या गोड भागावर पडते' असं कोणी महागडा ग्लास विकताना सांगितलं तर पैसे खिशातच ठेवा.

गोड कळतं कसं, हा माझा आवडता भाग, त्यामुळे थोडं लांबणार. स्वादकलिकेतल्या काही पेशींच्या पृष्ठभागावर टी१आर२ आणि टी१आर३ अशी दोन प्रथिनं जोडीने बसलेली असतात. साखरेचा रेणू या जोडीत अडकला की पेशीच्या आत एकामागून एक घटना घडायला लागतात, लवंगी माळेला वात लावल्यासारख्या. आधी गस्टड्युसिन नावाचं प्रथिन जागं होतं, ते एका एन्झाइमला कामाला लावतं, एन्झाइम पेशीच्या आवरणातल्या एका रेणूचे तुकडे करतं, त्यातला एक तुकडा आत जाऊन पेशीत साठवलेलं कॅल्शियम मोकळं करतो, आणि हे कॅल्शियम एक दार उघडतं. त्या दाराचं नाव टीआरपीएम५. दार उघडलं की बाहेरचा सोडियम आत घुसतो, पेशीचा विद्युतभार बदलतो, पेशी एटीपी नावाचा निरोप्या रेणू बाहेर सोडते आणि शेजारच्या नसेला कळतं की गोड आलं. एवढं सगळं होतं तेव्हा कुठे तुम्ही 'वा, लाडू झकास झालाय' म्हणता.

टीआरपी म्हणजे टीव्हीवाला नव्हे हं. हे पेशीच्या भिंतीतल्या दारांचं एक मोठं खानदान आहे आणि त्याचा शोध लागला फळमाशीत! पिकलेल्या केळ्यांवर किंवा उघड्या वाइनच्या ग्लासवर घिरट्या घालते ना, तीच. १९६९ साली अशी एक फळमाशी नोंदवली गेली की सतत प्रकाश टाकला तरी तिच्या डोळ्यातला सिग्नल क्षणभर येऊन विझायचा, तो दोष एका जनुकात होता आणि त्याच्यावरून अख्ख्या खानदानाला नाव मिळालं. आपल्या जिभेवर यातले दोन भाऊ महत्त्वाचे. एक हा गोडाचा एम५, दुसरा तिखटाचा, तो चकलीबरोबर येईल.

आता एम५ ची पहिली खोड. कॅल्शियम आलं की उघडतो खरा, पण ते तसंच राहिलं तर मंदावत जातो. वरची रिसेप्टरची जोडीही सतत साखर मिळाली की थंडावते, मेंदूही तोच तोच सिग्नल मनावर घेत नाही. एकूण काय, लाडू खाल्ल्यावर जीभ गोडाला काही वेळ सरावलेली असते. आंबटाची यंत्रणा मात्र पूर्ण वेगळी, तिथे ओटीओपी१ नावाच्या दारातून हायड्रोजनचे आयन थेट पेशीत शिरतात, तिला साखरेशी काही देणंघेणं नाही. वाइनचा पीएच साधारण ३ ते ४, म्हणजे वाइन बऱ्यापैकी आंबट द्रव आहे, एरवी ते फारसं जाणवत नाही कारण त्यातला फळाचा गोडसर भास आणि आंबटपणा एकमेकांना दाबून ठेवतात. लाडवाने गोडाची बाजू बधिर केली की आंबट मोकाट सुटतं. वर रेड वाइनमधली टॅनिन्स, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतली तुरट द्रव्यं, लाळेतल्या प्रथिनांना धरून त्यांचा साका करतात, त्यामुळे ती कोरड. ड्राय वाइनमध्ये लिटरला जेमतेम ४ ग्रॅमपर्यंत साखर असते आणि लाडवात वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा, मग दुसरं काय होणार.

म्हणून जुने लोक जो नियम सांगतात, की गोडाबरोबरची वाइन त्या पदार्थाइतकी तरी गोड हवी, तो नुसता नखरा नाही. फक्त त्यात एक भर घालावी लागते, गोड हवी आणि आंबटही हवी. नुसती गोड असेल तर लाडवावर पाक ओतून पिल्यासारखं होतं.

एम५ ची दुसरी खोड तर मला फारच आवडते. हे दार तापमान बघून उघडतं. २००५ मध्ये बेल्जियममधल्या ल्युव्हेन विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की १५ अंशांपासून ३५ अंशांपर्यंत गरम करत नेलं तर एम५ मधून जाणारा प्रवाह झपाट्याने वाढतो, आणि ज्या उंदरांमध्ये हे दारच नाही त्यांच्यात गोडाच्या सिग्नलवर तापमानाचा तो परिणाम दिसत नाही. वितळलेलं आइसक्रीम असह्य गोड लागतं ते यामुळेच, साखर तेवढीच असते. म्हणजे गोड वाइन फ्रीजमधून काढून थंडगार का देतात ते कळलं ना? गारव्याने गोडवा मागे सरकतो आणि आंबटपणा पुढे येतो. तीच वाइन ऑक्टोबर हीटमध्ये टेबलावर अर्धा तास ठेवा, खोकल्याचं औषध होईल.

आता चकली, शेव, चिवडा. इथे दुसरा भाऊ, टीआरपीव्ही१. १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या टीमने तो शोधला आणि २०२१ चं नोबेल त्यांना याच प्रकारच्या कामासाठी विभागून मिळालं. व्ही१ चं खरं काम भाजण्याची सूचना देणं, साधारण ४२-४३ अंशांच्या वर तापलं की तो उघडतो. मिरचीतलं कॅप्सेसिन त्याला थंड तोंडातही उघडतं, म्हणून तिखट 'जळतं'. पण अल्कोहोलही हेच करतं. इथेनॉलने व्ही१ चा उंबरठा ४२ वरून ३४ अंशांच्या आसपास खाली येतो असं २००२ मध्ये दिसून आलं. आपल्या शरीराचं तापमान ३७. म्हणजे अल्कोहोल लागल्यावर आपल्याच अंगाची ऊब नसांना चटका वाटायला लागते! बर्फ टाकलेली ब्रँडीसुद्धा घशात जाळत जाते त्याचं कारण हे. मग तिखट चकलीवर साडेचौदा टक्क्यांची शिराझ म्हणजे एकाच दारावर दोघांनी मिळून धडका मारायच्या. वाइनने तिखट धुतलं जातं ही पण समजूतच. कॅप्सेसिन विरघळायला तेल-तूप किंवा कडक अल्कोहोल लागतं, १२-१४ टक्क्यांचं त्यात काही चालत नाही. आम्लही व्ही१ ला थोडं चिथावतं हे खरं, पण साखर जळजळ कमी जाणवू देते आणि गारवा तर त्या दाराच्या थेट उलट बाजूचा.

दोन्ही भावांची मागणी एकत्र केली तर फराळाची वाइन आपोआप ठरते. गोड, आंबट, अल्कोहोल कमी, टॅनिन जवळजवळ नाही, आणि थंड. म्हणजे व्हाइटच.

अशी वाइन शोधायला लांब जायची गरज नाही. नाशिककडे शेनिन ब्लाँ नावाच्या फ्रेंच द्राक्षाची 'लेट हार्वेस्ट' वाइन मिळते, सुलाची बऱ्याच जणांना माहिती असेल, बाटली छोटी असते. आता गोड वाइन म्हणजे वरून साखर घातलेली असं लोकांना वाटतं, इथे तसं नाहीये. बागेत घडातला एक मणी चिरडून रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर टाकतात, उजेडाकडे धरून भिंगातून बघितलं की निळ्या-पांढऱ्याची सीमारेषा ब्रिक्सच्या, म्हणजे रसातल्या साखरेच्या टक्केवारीच्या आकड्यावर दिसते. २४ च्या आसपास ब्रिक्स आली की नेहमीच्या वाइनसाठी तोडणी होते. लिटरमागे १७ ग्रॅम साखरेतून साधारण १ टक्का अल्कोहोल, या हिशोबाने यीस्टने सगळी साखर खाल्ली तर १४ टक्क्यांच्या जवळ. लेट हार्वेस्टमध्ये घड वेलीवरच जास्त दिवस ठेवतात, मण्यातलं पाणी उडतं, साल सुरकुतते, साखर दाट होते. मग आंबवताना टाकी थंड करून यीस्ट मध्येच थांबवतात आणि गाळून काढतात, उरलेली साखर द्राक्षाचीच. तेवढे दिवस अवकाळी आणि पक्षी यांच्या तोंडचा घास शेतकऱ्याने जपायचा, ते वेगळंच.

आणि आंबटपणा? तो आपल्याकडच्या उलट्या हंगामाचं देणं आहे. युरोपात द्राक्षं उन्हाळ्यात वाढून सप्टेंबर-ऑक्टोबरला उतरतात, आपल्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी होते, मणी थंडीत भरतात आणि जानेवारी ते मार्चमध्ये काढणी. द्राक्षातलं मॅलिक आम्ल उष्णतेत झपाट्याने जळून जातं, थंड रात्री असतील तर टिकतं. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात वाचतो ना आपण? टेबलग्रेपवाल्याला त्या थंडीने धडकी भरते, पण मॅलिक टिकायला ती बरी.

परदेशात असाल तर चॉइस जास्त. इटलीची मोस्कातो द'आस्ती फक्त ५ टक्क्यांच्या आसपास, किंचित फसफसणारी, करंजी आणि शंकरपाळ्यांबरोबर छानच, चिवड्यालाही चालते. जर्मनीतल्या मोझेलची थोडी गोड रीसलिंग ८-९ टक्क्यांत मिळते, तिखटाच्या ताटासाठी माझं मत तिला. आणि खिसा गरम असेल तर हंगेरीची तोकाय आसू. तिथे बोद्रोग आणि तिसा या नद्यांचं धुकं सकाळी बागेवर येतं, दुपारी ऊन पडतं, आणि बोट्रायटिस नावाची बुरशी मण्याच्या सालीला बारीक भोकं पाडून पाणी उडू देते. लिटरला किमान १२० ग्रॅम साखर आणि तरी सणसणीत आंबट. आपल्या बागायतदाराला बुरशी म्हटलं की भुरी, डाऊनी आणि फवारणीचं बिल आठवतं, तिथे मात्र ही बोट्रायटिस मुद्दाम वाढू देतात.

नाताळात गोव्यात बेबिंका आणि दोदोल असतो, तिथे पोर्ट काढायची पद्धत. खरी पोर्ट पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातली, अर्धवट आंबलेल्या रसात ७७ टक्क्यांची द्राक्षाची दारू ओतून यीस्ट मारतात, म्हणून साखर उरते आणि अल्कोहोल २० च्या आसपास जातं. नारळाच्या दुधाच्या जड बेबिंकाला ठीक, चकलीजवळ मात्र नको. व्ही१ आठवतोय ना.

जाता जाता दोन भानगडी. वाइनच्या जगातही पंचांग आहे बरं का. चंद्र कुठल्या राशीत आहे यावरून 'फ्रूट डे' आणि 'रूट डे' ठरतात आणि रूट डेला वाइन चांगली लागत नाही म्हणे. आपला राहूकाळच, फक्त सूट घातलेला. २०१७ मध्ये न्यूझीलंडमध्ये वाइन क्षेत्रातल्या जाणकारांना दोन्ही प्रकारच्या दिवशी त्याच पिनो न्वार द्राक्षाच्या रेड वाइन न सांगता चाखायला दिल्या, काही फरक पडला नाही. तेव्हा लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येला बाटली बिनधास्त उघडा. दुसरी भानगड 'रेड वाइन हृदयाला चांगली'. त्यासाठी ज्या द्रव्याचं नाव घेतात ते रेस्व्हेराट्रॉल वाइनमध्ये लिटरला काही मिलिग्रॅम, प्रयोगांत वापरलेले डोस त्याच्या कितीतरी पट. अल्कोहोल हे कर्करोगकारक असल्याचं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने (आयएआरसी) १९८८ सालीच नोंदवलंय आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलंय की सुरक्षित असं कुठलंच प्रमाण नाही. चवीसाठी घेत असाल तर चवीसाठी घ्या, औषध म्हणून नको.

घेणाऱ्यांनी बाटली फ्रीजमध्ये रात्रभर ठेवा, ८-१० अंशाला छोट्या ग्लासात थोडी थोडी ओता आणि बाटली परत आत ठेवा. आधी तिखट, मग करंजी, लाडू सगळ्यात शेवटी, उलट क्रमाने गेलात तर जीभ आधीच सरावलेली. न घेणाऱ्यांनी थंड कोकम सरबत करा, गोड, आंबट, अल्कोहोल शून्य. चकलीच्या बाबतीत तर ते माझ्या मते वाइनपेक्षा सरस, कारण व्ही१ ला चिथावणारं अल्कोहोलच त्यात नाही. फक्त साखर जरा हात सैल सोडून घाला, नाहीतर लाडवानंतर त्याचंही त्या शिराझसारखंच होईल.