कुलाब्याला खरंच रेल्वे स्टेशन होतं का?

‘वेस्टर्नची लाईन पहिल्यापासून चर्चगेटलाच संपते, कुलाब्याचं स्टेशन म्हणजे नुसत्या गप्पा’ हे इतक्या वेळा फिरून येतं की मुंबईत जन्मलेले लोकपण छातीठोकपणे सांगतात. चूक आहे हो. तेव्हाच्या बीबी अँड सीआय (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया, म्हणजे आजची वेस्टर्न) रेल्वेचे रूळ चर्चगेटच्या पुढे थेट कुलाब्यापर्यंत जायचे, आणि शेवटचं स्टेशन कुलाबा, चर्चगेट नुसतं मधलं! कापसाचा धंदाही तेव्हा कुलाब्यातच, त्यामुळे मालगाड्यांची वर्दळ असायची, आणि 1928 मध्ये बोरिवलीपर्यंत विजेच्या लोकल सुरू झाल्या त्यासुद्धा कुलाब्याहूनच.

मग बंद का पडलं? पॅसेंजर नव्हते म्हणून, असं काहीजण ठोकून देतात, तेही खरं नाही. बॅकबेला समुद्रात भराव टाकायचं काम चालू होतं, सरकारला ती जागा हवी होती. डिसेंबर 1930 मध्ये मुंबई सेंट्रल सुरू झालं, लांबच्या गाड्या तिकडे गेल्या, आणि 31 डिसेंबरला कुलाब्याला कायमचं टाळं लागलं.

पुरावा पाहिजे तर कफ परेडला जा, इतक्या महागड्या जागेत रेल्वे अधिकाऱ्यांची कॉलनी, बधवार पार्क, कशी काय? स्टेशनची जागा ती, दुसरं काय.