तारकभूमिका आणि प्रेमत्रिकोण

प्रेमसंबंधात दुःखी असलेल्या व्यक्तीने मागितलेले नसताना तिला त्या दुःखातून सोडवण्याचा भार तिसऱ्याने अंगावर घेणे आणि त्या सोडवणुकीच्या आधाराने तिच्याशी जवळीक साधणे, या वर्तनबंधाला येथे तारकभूमिका म्हटले आहे. ‘दोघांत तिसरा, आता सगळं विसरा’ या म्हणीतला तिसरा उघड अडसर असतो. तारक मात्र आधार म्हणून येतो, त्यामुळे त्याच्यापासून होणारी हानी फार उशिरा ध्यानात येते. हा मानसिक विकार नव्हे. डीएसएम किंवा आयसीडी या निदानसूचींत तो समाविष्ट नाही.

संज्ञेविषयी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. इंग्रजी ग्रंथांत भूमिका म्हणून वठवलेला ‘रेस्क्यूअर’ मोठ्या आद्याक्षराने आणि प्रत्यक्ष संकटातून वाचवणारा लहान आद्याक्षराने लिहिण्याचा प्रघात आहे. देवनागरीत ही सोय नसल्याने दोन वेगळे शब्दच वापरावे लागतात. प्रस्तुत नोंदीत भूमिकेसाठी ‘तारक’ आणि खऱ्या साहाय्यकर्त्यासाठी ‘मदतनीस’ हे शब्द योजले आहेत. ‘उद्धारक’ हाही पर्याय आहे, पण त्याला समाजसुधारणेचा अर्थ चिकटलेला आहे.

या संकल्पनेच्या उगमाविषयी दोन मते आढळतात. पहिल्या मतानुसार तिचे मूळ मनोविश्लेषणाचे प्रवर्तक सिग्मंड फ्रॉइड यांच्या १९१० मधील एका निबंधात आहे. पुरुषांच्या प्रेमविषय-निवडीचा एक विशेष प्रकार वर्णन करताना फ्रॉइड यांनी त्याच्या काही अटी सांगितल्या. त्यांतली पहिली ‘दुखावलेल्या तिसऱ्या’ची : अशा पुरुषाला मोकळी स्त्री आकर्षित करत नाही; जिच्यावर पती, वाग्दत्त वर किंवा मित्र या नात्याने दुसऱ्या कोणाचा हक्क आहे, तीच त्याला हवीशी वाटते. याच वर्णनात तिला वाचवण्याची अनिवार ओढही येते. आपण नसलो तर तिचा तोल जाईल, या खात्रीने तो तिला सोडत नाही. अशा प्रियकराचा मत्सर हक्कदार पुरुषाकडे वळत नाही, नव्याने येणाऱ्या परक्यांकडे वळतो, हे फ्रॉइड यांचे निरीक्षण विशेष लक्षणीय आहे. त्यांच्या मते आई, वडील आणि मुलगा हा या सगळ्याचा मूळ त्रिकोण होय. फ्रॉइड यांचे सहकारी कार्ल अब्राहम यांनी १९२२ मध्ये हा धागा पुढे नेऊन वडिलांना वाचवण्याच्या कल्पनांचे विश्लेषण केले.

दुसरे मत स्टीफन कार्पमन यांच्या नाट्यत्रिकोणाला, म्हणजे छळक, तारक व पीडित या तीन भूमिकांच्या आकृतीला, उगमाचा मान देते. कार्पमन हे ट्रान्झॅक्शनल ॲनालिसिस, म्हणजे व्यवहार-विश्लेषण, या पद्धतीचे प्रवर्तक एरिक बर्न यांचे शिष्य. त्यांचा परीकथा व जीवनसंहिता (माणूस नकळत जगत असलेले ठरीव कथानक) यांवरील लेख १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. आकृती मात्र त्याआधी काही वर्षे, बहुधा १९६० च्या दशकाच्या मध्यावर, बर्न यांच्या सॅन फ्रान्सिस्कोतील चर्चासत्रांच्या काळात तयार झालेली दिसते. खेळात प्रतिस्पर्ध्याला हुलकावणी देण्याच्या चाली कागदावर मांडताना ती सुचली, असे कार्पमन यांनी पुढे सांगितले आहे. या लेखनासाठी त्यांना १९७२ मध्ये बर्न यांच्या नावाचा स्मृतिपुरस्कार मिळाला.

दोन्ही मतांना आधार आहे. बर्न स्वतः मनोविश्लेषणाच्या परंपरेत घडले होते. पाउल फेडर्न आणि एरिक एरिक्सन या मनोविश्लेषकांकडे त्यांचे स्वतःचे मनोविश्लेषण झाले होते. त्यामुळे फ्रॉइड यांचा वारसा कार्पमन यांच्यापर्यंत अप्रत्यक्षपणे पोचला असणे शक्य आहे. तथापि फ्रॉइड यांचा निबंध वाचवणाऱ्याच्या इच्छेपाशी थांबतो. भूमिका कशा पालटतात आणि त्यातून हानी कशी होते, हे कार्पमन यांच्याकडेच स्पष्ट होते. संकल्पनेच्या आजच्या वापराचा विचार करता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

नाट्यत्रिकोण उलटा काढतात. वरच्या दोन टोकांना छळक आणि तारक, खालच्या टोकाला पीडित. वरच्या दोघांना पीडितापेक्षा आपण वरचढ आहोत असे वाटते, हे त्या रचनेतूनच सुचवलेले आहे. बाण सर्व दिशांनी जातात, कारण भूमिका स्थिर राहत नाहीत. कार्पमन यांनी हॅम्लिनच्या बासरीवाल्याचे उदाहरण दिले आहे : तो आधी गावाचा तारक आणि उंदरांचा छळक असतो, नगराध्यक्ष ठरलेले पैसे देत नाही तेव्हा पीडित होतो आणि शेवटी गावातील मुलांचा छळक होतो. कुटुंबोपचारतज्ज्ञ मरी बोएन यांच्या कुटुंबविषयक उपपत्तीतील त्रिकोणाशी याची गल्लत होऊ नये. बोएन यांच्या त्रिकोणात कोनांवर व्यक्ती असतात. दोघांमधला ताण असह्य झाला की ती दोघे तिसऱ्याला ओढून घेतात. कार्पमन यांच्या कोनांवर भूमिका असतात आणि एकच माणूस एकाच संध्याकाळी तिन्ही कोन फिरून येऊ शकतो.

प्रेमत्रिकोणात हे फिरणे फार दुखावणारे ठरते. मैत्रीण तिच्या जोडीदाराविषयी तक्रार करते. ऐकणारा ती तक्रार कायमची साठवून ठेवतो, तिच्या वतीने रागावतो, तिने काय करावे हे ठरवतो. तिचे आणि जोडीदाराचे पुन्हा जुळले की आपला विश्वासघात झाला असे त्याला वाटते, आणि ‘तुझ्यासाठी एवढे केले’ हे वाक्य येते. तिथे तारकाचा छळक झालेला असतो. बर्न यांचेच शिष्य क्लॉड स्टायनर यांनी यावर एक साधी कसोटी दिली : मनात नसताना केलेली किंवा आपल्या वाट्याहून अधिक केलेली मदत म्हणजे तारकपणा. मराठीत लष्कराच्या भाकऱ्या भाजणे म्हणतात त्याच्या जवळची ही गोष्ट आहे. फरक इतकाच, की इथे भाकऱ्यांचा हिशेब मनात ठेवलेला असतो. शिवाय तारकाला छळक लागतोच. जोडीदार सुधारला किंवा पीडितेने स्वतःच मार्ग काढला तर त्याचे स्थान जाते. म्हणून तिच्या दुबळेपणाची तो नकळत राखण करतो. तिच्या दृष्टीने पाहिले तर एकाने तिचे मन मोडले आणि दुसऱ्याने तिचा निर्णय काढून घेतला. या दुसऱ्या नुकसानीची दखल फार कमी घेतली जाते.

दिसणाऱ्या मदतीचा भार मोजण्याचे प्रयत्नही झाले आहेत. नायल बोल्जर आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात न्यूयॉर्कच्या वकिली परीक्षेची तयारी करणारे उमेदवार आणि त्यांचे जोडीदार रोजनिशी भरत होते. जोडीदाराने केलेली पण उमेदवाराच्या लक्षात न आलेली मदत सर्वांत उपकारक ठरली. जाणवलेल्या मदतीनंतर खिन्नता वाढलेली दिसली. मदत जाणवली की आपल्याला हे झेपत नाही अशी भावना होते, असे स्पष्टीकरण देतात.

त्रयस्थाच्या विरोधाने प्रेम वाढते का, हा शेजारचा प्रश्न वादग्रस्त आहे. ड्रिस्कॉल आणि सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये १४० जोडप्यांच्या अभ्यासावरून पालकांचा हस्तक्षेप वाढला की प्रेमही वाढते असे मांडले, आणि रोमिओ-ज्युलिएट परिणाम हे नाव रूढ झाले. २०१४ मधील पुनर्तपासणीत सिंक्लेअर आणि सहकाऱ्यांना तसे आढळले नाही. ‘त्याला सोड’ असा घोशा लावल्याने ती त्यालाच अधिक धरून ठेवते, हा लोकप्रिय समज म्हणूनच सावधपणे घ्यावा.

नाट्यत्रिकोणाचा सर्वांत गंभीर गैरवापर हिंसाग्रस्त स्त्रीच्या बाबतीत होतो. कार्पमन यांचा ‘पीडित’ ही भूमिका आहे. मार खाणारी व्यक्ती भूमिका वठवत नसते, आणि तिला ‘पीडितपणा सोड’ म्हणणे क्रूर आहे. तिथे मदतनिसाने मागे राहू नये. भारतातील कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ याच्या कलम ४ नुसार हिंसा होत असल्याचे सकारण वाटणारी कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देऊ शकते, आणि सद्‌भावनेने दिलेल्या माहितीबद्दल तिच्यावर दायित्व येत नाही.

भूमिकेतून बाहेर पडण्याच्या मांडण्यांत एसी चॉय यांचा १९९० मधील ‘विजेत्यांचा त्रिकोण’ प्रमुख आहे. त्यात तारकाच्या जागी आस्था असलेला, छळकाच्या जागी ठामपणे बोलणारा आणि पीडिताच्या जागी आपली हतबलता मान्य करून उपाय शोधणारा माणूस येतो. आस्था असलेला आधी ऐकतो, ‘तुला माझ्याकडून काय हवे?’ असे विचारतो आणि ‘काही नको’ हे उत्तर स्वीकारतो. मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी १९५१ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या अल-अनॉन या स्वमदत गटांत हीच शिस्त प्रेमाने अलिप्त राहणे या शब्दांत शिकवतात. तिथे येणारा सदस्य जोडीदाराची दारू सोडवण्याविषयी बोलत नाही, स्वतःच्या दिवसाविषयी बोलतो.