मार्गदर्शित शोध-अध्ययन आणि व्याख्यानपद्धती (महाविद्यालयीन रसायनशास्त्र)

संकल्पना आधी सांगून न टाकता, दिलेली आकडेवारी आणि क्रमाने रचलेले प्रश्न यांच्या आधारे विद्यार्थ्यांच्या छोट्या गटांकडून ती काढून घेण्याच्या पद्धतीला मार्गदर्शित शोध-अध्ययन म्हणतात. व्याख्यानात व्याख्या, सूत्र, मग उदाहरण असा क्रम असतो. इथे तो उलटा होतो. अन्वेषण, संकल्पनानिर्मिती आणि उपयोजन या अध्ययनचक्राचे मूळ रॉबर्ट कार्प्लस यांच्या १९६० च्या दशकातील शालेय विज्ञानावरील कामात आहे. महाविद्यालयीन रसायनशास्त्रात त्याला ‘पोगिल’ (प्रोसेस ओरिएंटेड गाइडेड इन्क्वायरी लर्निंग, म्हणजे प्रक्रियाकेंद्री मार्गदर्शित शोध-अध्ययन) हे रूप मिळाले ते १९९० च्या दशकात, अमेरिकेतील फ्रँकलिन अँड मार्शल महाविद्यालयात.

अणूच्या कवचांचा पाठ घेतला तर फरक नेमका दिसतो. कार्यपत्रिकेवर पहिल्या आयनीभवन ऊर्जा (अणूतून सर्वांत सैल बांधलेला एक इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा) तेवढ्या असतात : हायड्रोजन १३१२, हेलियम २३७२, लिथियम ५२० किलोजूल प्रति मोल. सुरुवातीचे प्रश्न नुसता तक्ता वाचायला लावणारे. मग, केंद्रकाचा प्रभार +१ चा +२ झाल्यावर ऊर्जा का वाढली? आणि शेवटी कळीचा प्रश्न : लिथियमच्या केंद्रकावर +३ प्रभार आहे, तिसरा इलेक्ट्रॉन पहिल्या दोघांइतकाच जवळ असता, तर आकडा इतका खाली आला असता का? बारावीत पाठ केलेले ‘आच्छादन परिणामामुळे’, म्हणजे आतले इलेक्ट्रॉन केंद्रकाचे आकर्षण झाकतात म्हणून, हे उत्तर हमखास येते. ते खोडू नये. तिघेही सारख्याच अंतरावर असतील तर दोघे तिसऱ्याला इतके झाकतील कसे, एवढेच विचारावे. इलेक्ट्रॉन दूर असला पाहिजे इथवर गट आला, की ‘कवच’ हा शब्द फळ्यावर येतो. निऑन २०८१ आणि सोडियम ४९६ हे आकडे उपयोजनासाठी राखून ठेवतात.

गटात तीन ते चार जण असतात : प्रमुख, लेखनिक, प्रवक्ता आणि गटाच्या कामावर नजर ठेवणारा निरीक्षक. पाच-सहा झाले की एखाद-दुसरा नुसता उतरवून घेतो. भूमिका दर काही तासांनी फिरवल्या नाहीत, तर हुशार विद्यार्थी कायमचा लेखनिक होतो आणि बाकीचे त्याच्या वहीकडे पाहत बसतात. पण तास फसण्याचे मोठे कारण बहुधा शिक्षकच असतो. शांतता सहन न होऊन तो मिनिटाभरात उत्तर देतो, आणि पुढच्या वेळी गट त्या उत्तराचीच वाट पाहतात. दोन प्रश्नांमधली पायरी फार उंच असली तरी काम अडते. तासाची शेवटची आठ-दहा मिनिटे निष्कर्ष पक्का करायला राखावीत, नाहीतर चुकीचा तर्क तसाच घरी जातो.

अभ्यासक्रम हळू सरकतो, हा आक्षेप खरा आहे. शिवाय सगळेच शोधून काढण्याजोगे नसते. सेंद्रिय संयुगांच्या नामकरणाचे नियम किंवा ऊष्मागतिकीतील कार्याचे धन-ऋण चिन्ह हे ठरवून घेतलेले संकेत आहेत; ते सरळ सांगावेत. प्रयोगशाळेतील सुरक्षेच्या सूचनाही तशाच.

२०१४ साली विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणितातील २२५ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात पारंपरिक व्याख्यानाच्या वर्गांत अनुत्तीर्णांचे सरासरी प्रमाण ३३.८ टक्के, तर सक्रिय अध्ययनात २१.८ टक्के आढळले. ‘सक्रिय अध्ययन’ या सदरात इतर अनेक पद्धतीही मोडतात, हे विसरू नये. स्वतःच्या महाविद्यालयात तुलना करायची तर दोन्ही तुकड्यांना एकच प्रश्नपत्रिका द्यावी, आधीचे गुण नोंदवावेत आणि विषय मध्येच सोडणाऱ्यांनाही मोजावे. केवळ परीक्षेला बसलेल्यांची सरासरी काढली, तर कच्चे विद्यार्थी जिथून गळाले तीच तुकडी वरचढ दिसू शकते.